सवड मिळाली की… (चालढकल का होते आणि ती कशी सुटते)



रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर मला सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे 'बघू'. "बाळाच्या स्नानसंस्कारासाठी नाव दिलेत का?" "बघू फादर, या महिन्यात देतो." "वडील जाऊन दोन वर्षे झाली, सातबाऱ्यावर वारसांची नावे लागली का?" "बघू, तलाठ्याकडे जायचंच हाय." "तो खोकला थांबला का?" "हाय थोडा. कापूस वेचून होऊ द्या, मग बघू." असे म्हणणारी माणसे खोटे बोलत नसतात. काम करायचे त्यांच्या मनात खरोखर असते. तरीही ते होत नाही. महिन्यामागून महिने जातात आणि त्याचे भिजत घोंगडे पडते.

या रविवारच्या अभ्यासासाठी म्हणून मी चालढकल हा विषय घेतला आहे. आपण तिला सहसा आळस म्हणतो. मीही म्हणत असे, आणि प्रवचनातून लोकांना झाडतही असे. आता म्हणत नाही. रात्री दोन वाजता थ्री फेज लाइट आली म्हणून थंडीत दारे धरायला जाणारा माणूस आळशी कसा? दिवसभर वाकून कापूस वेचून घरी आल्यावर चूल पेटवणाऱ्या मावशीला आळशी कोण म्हणेल? पण हीच माणसे एक साधा अर्ज वर्षभर देत नाहीत. तेव्हा या दुखण्याचे मूळ कुठे तरी दुसरीकडे आहे.

ते कुठे आहे हे मला पुस्तकातून कळण्याआधी स्वतःच्या चुकीतून कळले. काही वर्षांपूर्वीची, आधीच्या एका धर्मग्रामातील गोष्ट आहे. तिथल्या एका वस्तीवरच्या आजोबांशी चर्चच्या कुंपणावरून सभेत माझी बाचाबाची झाली होती. ते वयाने मोठे होते, आणि मी त्यांना चार लोकांसमोर टाकून बोललो. पुढे ते आजारी पडले. त्यांनी नातवाकरवी निरोप पाठवला, "फादरांना म्हणावं, सवडीनं या." मी म्हणालो, "येतो." त्यानंतर एकोणीस दिवस मी गेलो नाही. आणि त्या एकोणीस दिवसांत मी रिकामा बसलो होतो असे समजू नका. जुन्या नोंदवह्यांना नवे पुठ्ठे घातले, माइकची वायर बदलून घेतली, कार्यालयातील कपाट तीनदा आवरले. दोनदा मोटारसायकलवरून त्या वस्तीच्या फाट्यावरून पुढे गेलो. विसाव्या दिवशी सकाळी नातू येऊन दारात उभा राहिला. तो काही बोलला नाही. बोलायची गरज नव्हती.

मला वेळ नव्हता का? होता. जायचे मनात नव्हते का? रोज होते. पण जायचे म्हटले की त्या सभेतला माझा चढलेला आवाज आठवे आणि पोटात काहीतरी आवळे. आज नको, उद्या जाऊ, असे ठरवले की ते आवळणे लगेच सैल होई. टाळण्याचा मोबदला हा असा जागच्या जागी, रोख मिळतो. म्हणूनच ती सवय लागते.

पवित्र शास्त्रात या दुखण्याचा एक हुबेहूब रुग्ण आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २४ काढा. संत पौल कैसरीया येथे कैदेत आहे. रोमन सुभेदार फेलिक्स आपली पत्नी द्रुसिल्ला हिच्यासह त्याला बोलावून त्याचे म्हणणे ऐकतो. पौल न्यायाने वागणे, स्वतःला आवरणे आणि पुढे होणारा न्याय या गोष्टींवर बोलू लागतो, तेव्हा फेलिक्स घाबरतो. घाबरून तो काय करतो? पौलाला शिक्षा करत नाही, त्याचे म्हणणे खोडूनही काढत नाही. तो एवढेच सांगतो की सध्या तू जा, सवड मिळाली की मी तुला बोलावीन. लूकने भीती आणि सवड हे दोन शब्द एकाच वचनात शेजारी शेजारी ठेवले आहेत. माणसाच्या मनाची ही नोंद करायला तो वैद्य होता हे बरे झाले, असे मला नेहमी वाटते.

पुढची दोन वचने वाचणे आपण बहुधा सोडून देतो, पण खरी गंमत तिथेच आहे. फेलिक्सला सवड मिळाली नाही असे नाही. पौलाकडून पैसे मिळतील अशी त्याला आशा होती, म्हणून तो त्याला वरचेवर बोलावून घेई आणि त्याच्याशी गप्पा मारी. भेटी झाल्या, बोलणे झाले. ज्या गोष्टीने तो घाबरला होता तिचा निकाल मात्र त्याने लावला नाही. अशी दोन वर्षे गेली, त्याच्या जागी फेस्त आला आणि पौल कैदेतच राहिला. माझे तीनदा आवरलेले कपाट ते हेच.

तशीच गोष्ट रुपयांच्या दाखल्यातील तिसऱ्या दासाची (मत्तय २५). धनी त्याला आळशी म्हणतो हे आपल्याला पाठ असते. पण दास स्वतः काय कारण देतो? तो म्हणतो की मला भीती वाटली, म्हणून मी जाऊन ते जमिनीत पुरले. खड्डा खणणे हेसुद्धा कष्टाचेच काम आहे. त्याने मेहनत केली, पण नको त्या कामाची.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला यावर एक जुना वाद शिकवला जाई. सॉक्रेटिसचे म्हणणे असे की चांगले काय हे ज्याला खरोखर कळले तो वाईट करणारच नाही. जो करतो त्याला ते कळलेलेच नाही. ॲरिस्टॉटलला हे पटले नाही. आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या भागात तो सांगतो की माणसाला कळत असते तरी वळत नाही, आणि या स्थितीचा वेगळा विचार करावा लागतो. आपल्या मराठीत तर 'कळते पण वळत नाही' हे रोजच्या बोलण्यातले वाक्य आहे. त्यासाठी ग्रीसला जायची गरज नव्हती, असे मी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिले होते. गुण काही वाढले नाहीत.

सॉक्रेटिसपेक्षा मला या बाबतीत इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी अधिक जवळचे वाटतात. त्यांच्यापैकी एव्हाग्रियस (मृत्यू इ.स. ३९९) याने संन्याशाला भर दुपारी येणाऱ्या एका मोहाचे वर्णन केले आहे. सूर्य जागचा हलतच नाही असे वाटते. संन्याशी पुन्हा पुन्हा खिडकीकडे बघतो, जेवणाची वेळ किती दूर आहे याचा अंदाज घेतो. मग त्याला आपली खोली नकोशी होते, हातातले काम नकोसे होते, सोबतच्या बंधूंमध्ये प्रेम उरलेले नाही असे वाटू लागते. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी आपले अधिक चांगले चालले असते असा विचार येतो. एप्रिलमधल्या दुपारी आपल्याकडच्या पत्र्याच्या खोलीत दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलाला विचारा, तो हेच सांगेल. आज त्या खिडकीच्या जागी मोबाईल आला आहे, इतकाच फरक.

या स्थितीला त्यांनी ग्रीक भाषेत 'अकेदिया' म्हटले. पुढे लॅटिनमधून तिचे भाषांतर होत होत आपल्या सात प्रमुख पापांच्या यादीत ती 'आळस' म्हणून बसली, आणि माझ्या मते तिथेच घोटाळा झाला. संत थॉमस अक्वायनस याने तेराव्या शतकात तिची व्याख्या केली तेव्हा तिला एक प्रकारचे दुःख म्हटले. जे चांगले आहे, जे आपल्याला हवेही आहे, त्याचाच भार वाटून मन खिन्न होणे, असे ते दुःख. त्याने उपायही सांगितला आहे, आणि तो फार व्यवहारी आहे. काही मोहांपासून पळून जावे लागते, पण या मोहाच्या बाबतीत उलटे करायचे. ज्या गोष्टीचा भार वाटतो तिच्याचजवळ थांबायचे, कारण जितके थांबाल तितकी ती आवडू लागते आणि खिन्नता ओसरते. लांबून काम डोंगराएवढे दिसते. जवळ जाऊन हात लावला की त्याची खरी उंची कळते.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. भारतात घडलेली एक गोष्ट सांगतो. जॉर्ज अकेरलॉफ नावाचे अमेरिकन अर्थतज्ज्ञ काही काळ आपल्या देशात राहत होते. त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ त्यांना भेटायला आले आणि जाताना सामान जास्त झाले म्हणून कपड्यांची एक पेटी मागे ठेवून गेले. ती अमेरिकेला पाठवायची होती. अकेरलॉफ यांनी हिशेब केला की या कामात एक अख्खा दिवस मोडणार. रोज सकाळी उठून ते ठरवत की उद्या नक्की पाठवू. असे आठ महिन्यांहून जास्त चालले! शेवटी मायदेशी परतणाऱ्या दुसऱ्या एका मित्राच्या सामानात ती पेटी घालून त्यांनी सुटका करून घेतली. १९९१ साली त्यांनी यावर एक विद्वत्तापूर्ण लेख लिहिला. २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांत विभागून दिले गेले, त्यांत अकेरलॉफ होते आणि ते पेटीवाले स्टिग्लिट्झही होते. तेव्हा ज्यांचा अर्ज वर्षभर खुंटीला लटकतो आहे त्यांनी फार खट्टू होऊ नये.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. आजचा त्रास डोळ्यांसमोर असतो म्हणून तो मोठा दिसतो. तोच त्रास उद्यावर टाकला की लहान दिसतो. एका दिवसाच्या उशिराने नुकसान असे किती होणार? नगण्य. म्हणून आज टाळणे शहाणपणाचे वाटते. पण उद्या उजाडल्यावर तो 'आज' होतो आणि तोच हिशेब पुन्हा तसाच सुटतो. दर दिवसाचा निर्णय बरोबर वाटतो आणि आठ महिन्यांची बेरीज चुकते. बचत गटातल्या आपल्या भगिनींना हे सावकाराच्या व्याजावरून लगेच समजेल.

मानसशास्त्रज्ञही फिरून वाळवंटातल्या संन्याशांपाशीच आले आहेत. फ्युशिया सिरोई आणि टिमोथी पिचिल या अभ्यासकांनी २०१३ साली मांडले की चालढकल हा मुळात वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नाही, तो भावना सांभाळण्याचा प्रश्न आहे. काम समोर आले की भीती, कंटाळा, लाज किंवा आपल्याला जमणार नाही असा संशय वर येतो. ती भावना आत्ताच्या आत्ता शमावी म्हणून माणूस कामच बाजूला सारतो. उद्या ते काम करणाऱ्या 'मी'वर तो भार ढकलतो, जणू तो कोणी दुसराच गडी आहे. हे खरे असेल तर नवे घड्याळ, नवी डायरी किंवा प्रवचनातली झाडाझडती यांचा फारसा उपयोग होणार नाही. झाडाझडतीने तर लाज वाढते, आणि लाज वाढली की टाळणे वाढते. हे कळल्यावर मी माझी काही जुनी प्रवचने फाडून टाकली.

मोठमोठी माणसेही यातून गेली आहेत. संत ऑगस्टीन तरुणपणी शुद्ध जीवनासाठी प्रार्थना करी, पण ते लगेच मिळू नये अशी पुस्तीही जोडी. बुद्धीला सर्व पटल्यावरही तो रेंगाळत राहिला. ३८६ साली मिलान येथील बागेत तो रडला तेव्हा कुठे ती गाठ सुटली, आणि ३८७ च्या पुनरुत्थान सणाला संत अँब्रोजच्या हातून त्याला स्नानसंस्कार मिळाला. आपल्या मराठी मुलखातील बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी 'अरुणोदय' या आत्मचरित्रात आपला असाच प्रवास लिहिला आहे. ते आपल्या प्रोटेस्टंट बंधूंपैकी. मन वळल्यावरही घर आणि समाज यांच्या विचाराने पाऊल अडखळत राहिले. १८५४ साली बेळगावात त्यांचा बाप्तिस्मा झाला. या दोघांपैकी एकालाही आळशी म्हणता येणार नाही.

मग करायचे काय? याचे अर्धे उत्तर आपल्या शेतकऱ्याला आधीच ठाऊक आहे. पहिला पाऊस पडला की कोणी लगेच तिफण घेऊन धावत नाही. पेरणीपुरती ओल खाली गेली आहे का आणि वाफसा आला आहे का हे तो पाहतो. चिखलात पेरले तर बी कुजते, ओल उडाल्यावर पेरले तर उगवत नाही. तो थांबतो, पण त्याच्या थांबण्याला चालढकल म्हणत नाहीत, कारण आपण कशासाठी थांबलो आहोत हे त्याला सांगता येते. मूठभर माती हातात घेऊन तो सांगेल की अजून एक दिवस. आणि वाफसा आला की मग तो पाहुणा आला तरी थांबत नाही. थांबणे आणि टाळणे यांतला फरक हाच. तुम्ही कशाची वाट पाहत आहात, असे कोणी विचारले आणि उत्तरादाखल तोंडातून फक्त 'बघू' आले, तर ते टाळणे समजावे.

जर्मनीतील पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने हाच वाफशाचा नियम विद्यार्थ्यांवर तपासून पाहिला, आणि तोही नाताळात. नाताळची पूर्वसंध्या कशी गेली यावर पुढच्या दोन दिवसांत एक निबंध लिहून पाठवा, असे त्याने विद्यार्थ्यांना सांगितले. त्यांतल्या काहींना अगोदरच ठरवायला लावले की नेमके कधी आणि कुठे बसून लिहिणार. बाकीच्यांना तसे काही सांगितले नाही. ज्यांनी वेळ आणि जागा ठरवली होती त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांनी मुदतीत लिहिले. इतरांपैकी फक्त एक तृतीयांश जणांनी. इच्छा सर्वांची होती. पण 'लिहीन' आणि 'सकाळी चहा झाला की खिडकीजवळच्या टेबलावर लिहीन' यांत एवढे अंतर पडले. म्हणून 'तलाठ्याकडे जायचंय' असे म्हणू नका. 'पैठणच्या बाजाराला जाईन त्या दिवशी आधी तलाठी कार्यालय, मग बाजार' असे म्हणा, आणि शक्यतो घरात मोठ्याने म्हणा.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग आपल्याच रस्त्यावर सापडतो. आपल्या गावावरून जाणारा रस्ता खाली पैठणला जातो, आणि वर शहर ओलांडून गेले की देवगिरी. संत एकनाथ मूळचे पैठणचे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे राहून ते हिशेबाचे काम पाहत. परंपरेने सांगितलेली गोष्ट आपल्या सर्वांना माहीत आहे. एका रात्री हिशेबात एका पैची चूक निघाली. नाथांनी दिवा लावला आणि बसले. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. या गोष्टीतून गुरूंनी काढलेला बोध कीर्तनकार उत्तम सांगतात, तो मी सांगत नाही. मला त्यातली दुसरीच बाजू दिसते. टाळी शेवटी वाजली, सुरुवातीला नाही. रात्री बसताना नाथांना उत्साह वाटत होता असे कोणी सांगितलेले नाही. आपण मात्र आधी 'मूड' येण्याची वाट पाहतो आणि मग काम करू म्हणतो. आणखी एक. आयुष्यभराचा हिशेब नीट करायचा, असे काही त्यांनी मनात धरले नव्हते. शोधायची होती एक पै. समोर लहानशी, हातात मावणारी गोष्ट होती आणि दिवा लावायचा होता.

म्हणून मी हल्ली पायरीवर लोकांना 'नोंद करून या' असे सांगत नाही. मी विचारतो, "वडिलांचा मृत्यूचा दाखला घरात कोणत्या पेटीत आहे? आज घरी गेल्यावर तेवढा काढून टेबलावर ठेवता का?" दाखला टेबलावर आला की पुष्कळदा पुढचे आपोआप सरकते. कामाला हात लागलेला असतो आणि पोटातले आवळणे अर्धे कमी झालेले असते. पाहुण्यांना कागद दिसावा म्हणून नव्हे, आपल्याला दिसावा म्हणून तो तिथे ठेवायचा.

यातले काही विषय आपल्या धर्मग्रामात तातडीचे आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या जमिनीची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यायची असते, आणि ती तोंडीही देता येते. औद्योगिक वसाहतीसाठी आपल्या भागात जमिनी गेल्या तेव्हा आपण पाहिले आहे की मोबदल्याच्या वेळी पहिला प्रश्न असतो, सातबाऱ्यावर नाव कोणाचे? आजोबांचेच नाव अजून असेल तर वाटेकरी वाढत जातात, सह्या वाढत जातात आणि भाऊ भावाशी बोलेनासा होतो. मला वाटते, इथेही पुष्कळदा कारण वेळेचे नसते. नोंद करायची म्हणजे बहिणींच्या हिश्श्याचा विषय काढावा लागतो, आणि तो काढायची हिंमत होत नाही. तसे असेल तर आधी तो विषय काढायचा. तलाठी कार्यालय नंतर.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती तपासणी मोफत आहे, आणि क्षयरोग निघाला तरी नियमित औषधाने तो बरा होतो. लोक येत नाहीत ते 'निघाला तर?' या भीतीने. भीती समजण्यासारखी आहे. पण जंतू आपल्या भीतीसाठी थांबत नाहीत, आणि घरात लहान मुले असतात. बैल गेला नि झोपा केला, अशी म्हण आपल्याकडे आहे. झोपा म्हणजे गोठ्याचे कुडाचे दार. गोठा बांधणाऱ्याला ते लावायला एक सकाळ पुरली असती.

आणि तिसरा विषय रुग्णाभ्यंग संस्काराचा. हा संस्कार म्हणजे शेवटची घटका, फादर तेल घेऊन आले म्हणजे आता सर्व संपले, अशी समजूत अजून घराघरांत आहे. म्हणून घरचे लोक बोलावणे पुढे ढकलतात आणि पुष्कळदा रुग्ण बेशुद्ध झाल्यावर निरोप येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सांगितले की हा केवळ मरणासन्न माणसाचा संस्कार नाही. आजाराने किंवा वार्धक्याने धोका निर्माण होऊ लागला की तीच त्याची योग्य वेळ. ज्याला हात हातात घेता येतो, 'आमेन' म्हणता येते, नातवंडांना जवळ बोलावता येते, त्याच्यासाठी तो आहे. मी ज्यांच्याकडे गेलो नाही त्या आजोबांचा निरोपही बहुधा यासाठीच असावा. की त्या भांडणासाठी होता, मला कधीच कळणार नाही.

त्या प्रसंगानंतर बरेच दिवस मी स्वतःला दोष देत राहिलो, आणि विचित्र गोष्ट अशी की त्या दिवसांत माझी चालढकल वाढली. ज्या घरांत आजारी माणसे होती त्यांच्याकडे जायला पाय उचलेना. शेवटी मी दुसऱ्या धर्मगुरूंकडे जाऊन पापनिवेदन केले. त्यांनी फार काही विचारले नाही. प्रायश्चित्त म्हणून सांगितले की त्या आठवड्यात तीन आजाऱ्यांना भेट, आणि पहिली भेट आजच. कॅनडात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाची माहिती मला नंतर वाचायला मिळाली. विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या ज्या विद्यार्थ्यांनी एका परीक्षेच्या वेळी चालढकल केली होती, त्यांतल्या ज्यांनी स्वतःला त्याबद्दल क्षमा केली त्यांची चालढकल पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी झाली. जे स्वतःला कोसत राहिले त्यांची तशी कमी झाली नाही. क्षमा मिळाली की माणूस सैल सुटतो, अशी शंका लोक घेतात. अनुभव आणि अभ्यास दोन्ही उलटे सांगतात. लाज उतरली की काम हातात घेता येते.

स्वतःला क्षमा करणे एकट्याने सोपे नसते, म्हणून तर कानात ऐकणारा दुसरा माणूस लागतो. चालढकलीचेही तसेच आहे. एकट्याने नोंद करायला जायला भीती वाटत असेल तर शेजाऱ्याला सोबत न्या. आपल्या युवक मंडळातील मुलांना अर्ज भरता येतात. कोणाला लिहिता येत नाही म्हणून आजवर अर्ज राहिला असेल तर तो लाजेचा विषय नाही. दवाखान्यात जाताना सोबत चालणारी एक मावशी असली की वाट निम्मी होते.

या महिन्यात दर मंगळवारी आणि शुक्रवारी सायंकाळी ५ ते ७ मी कार्यालयात बसणार आहे. वारसनोंद, जन्ममृत्यूचे दाखले, स्नानसंस्कार आणि विवाह यांच्या नोंदी, जे काही राहिले असेल ते घेऊन या. कागद अपुरे असले तरी चालतील. पहिल्या दिवशी नुसती यादी करू. घरात कोणी आजारी असेल तर रात्रीही निरोप द्या. फक्त 'सवडीनं या' असे सांगू नका. वार आणि वेळ सांगा.